दोनदा थोपटायचं

मूल क्लासला घालायचं असेल तर आधी आईने नाहीतर बापाने पडून दाखवायचं, असा बाईंचा नियम होता. नाव-पत्ता नंतर, फी नंतर. आधी बूट-मोजे काढा, अंगावरचं जे टोचेल ते डब्यात टाका आणि चटईवर या. डबा म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमचा रिकामा डबा, हॉलच्या दाराशी खुर्चीवर ठेवलेला, झाकणावर मार्करने 'टोचणारे' असं मराठीत लिहिलेलं. त्यात मी घड्याळं पाहिलीत, इंग्लिश आयांचे कानातले पाहिलेत, पिनांचा ढीग पाहिलाय आणि मंगळसूत्रांचा गुंता तर कितीदा. पंजाबी बापांना कडं काढायचं नसेल तर त्यावर गुंडाळायला बाईंनी चिकटपट्टी ठेवलेली. एकदा एका नवऱ्याने विचारलं, "बायकोने मंगळसूत्र कशाला काढायला पाहिजे?"

"राहू द्या की," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही या. तुम्हाला तर काही काढायचं नाही ना?"

आणि सगळ्या मुलांसमोर त्याला अलगद, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसं आडवं केलं.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी त्या ज्युडो शिकवायच्या. वय सत्तरीला टेकलेलं. उंची बेताची, अंबाडा घट्ट, कपाळावर टिकली, ज्युडोचा पांढरा जाड सदरा धुऊन धुऊन पिवळा पडलेला, त्यावर थंडीत स्वतः विणलेला जांभळा स्वेटर. काळा पट्टा इतका जुना, की काळा म्हणून ओळखावा लागे. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. इंग्लिश मुलंसुद्धा. त्या मुलांना ते आडनाव वाटत असावं.

बाईंची खरी नोकरी मात्र ड्रायव्हिंगच्या टेस्ट घेण्याची होती. लग्न होऊन इथे आल्या, नवरा कारखान्यात, बाई आधी ऑफिसात आणि मग परीक्षक. निवृत्त होईपर्यंत त्यांनी अर्ध्या कॉव्हेंट्रीला एकदा तरी नापास केलेलं होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला त्या आल्या की काही पुरुषमाणसं आपोआप दुसऱ्या रांगेत सरकायची. ज्युडो कशा शिकलात विचारलं तर सांगायच्या, "ह्यांना बोलवायला कारखान्याच्या क्लबात गेले होते. शेजारच्या खोलीत एक काडीपैलवान एका रेड्यासारख्या माणसाला उचलून टाकत होता. ह्यांना म्हटलं, तुम्ही संपवा तुमचं, मी आलेच. तिथे मी गेले ती गेलेच."

नोकरी सुटली तरी परीक्षा सुटली नव्हती. मुलं पडून दाखवायची आणि बाई टेस्टच्याच भाषेत निकाल द्यायच्या, "हात उशिरा आपटला. एक मायनर. पास." आमच्या घरचे पोहे खाऊन म्हणाल्या होत्या, "मीठ कमी. एक मायनर." मंडळात आरतीला टाळ चुकला तेव्हा माझ्या कानाशी येऊन एकच शब्द, "सीरियस." म्हणजे टेस्टमध्ये थेट नापास करणारी चूक; मायनर चालून जातात. चटईवर आणि गाडीत त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. सहा वर्षांच्या पोरालाही "अहो, पट्टा सुटलाय तुमचा." चटईवरून उतरलं की लगेच 'अगं' आणि 'अरे'. आणि दुसऱ्याच्या गाडीत त्या कधी बसत नसत. "त्या डावीकडच्या सीटवर आख्खी नोकरी काढली. आता बिनपगारी नाही बसणार." थंडी असो, पाऊस असो, त्यांची ती छोटी लाल गाडी हॉलसमोर, फुटपाथला समांतर, पट्टी लावून आखल्यासारखी उभी.

माझी त्यांची पहिली भेट त्या गाडीच्या मागेच झाली. मी सईला, म्हणजे माझ्या मुलीला, घेऊन आले होते. गाडी लावली, पण उतरायच्या आतच बाई खिडकीशी येऊन उभ्या.

"मागचं चाक बघितलंत का?"

"हो, आहे थोडं बाहेर."

"थोडं म्हणजे किती, हे सायकलवाल्याला विचारा. परत लावा."

मी परत लावली. मग त्यांनी सईकडे पाहिलं.

आता माझं सांगते. माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते. आई लोकांना पापड-कुरडया लाटून द्यायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सोलापूरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, तिथून इथे आले. व्हिसा माझा आणि नवरा डिपेंडंट, हे सांगायला मला आवडतं. त्यालाही त्याचं काही वाटत नाही, म्हणून तर लग्न टिकलंय. हे सगळं कुणी आयतं दिलेलं नाही. 'जमत नाही' हे शब्द मी आयुष्यात तोंडातून काढले नाहीत, आणि ते मी बाईंना त्या पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अरेरे."

सई तेव्हा बारा वर्षांची, इथल्या इयर एटमध्ये होती. आम्ही आलो तेव्हा ती प्रायमरीत होती आणि तिथे रमली होती. मोठ्या शाळेत गेली आणि सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शनिवार-रविवारी पोट ठणठणीत. वस्तू हरवायला लागल्या. हातमोजे, पाण्याची बाटली, पीईचा, म्हणजे खेळाच्या तासाचा टी-शर्ट. मी रागवायची, नवीन आणायची, तेही हरवायचं. मग एकदा दंडावर काळंनिळं दिसलं. "बसमध्ये आपटले," म्हणाली. मी काही खुळी नाही. कुणीतरी पोरीला छळतंय हे मला कळलं होतं. पण कोण, ते ती सांगेना. शाळेला मेल केला तर उत्तर आलं की आम्ही लक्ष ठेवू, नेमकं काय घडलं ते कळलं तर मदत होईल. नेमकं तेच तर कळत नव्हतं.

नवऱ्याने एक दिवस जेवताना म्हटलं, "तिला पुण्याला ताईकडे ठेवू या का? तिथे शाळा जवळ आहे, भाऊ-बहिणी आहेत. पोर वाळत चाललीय गं."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या बहिणीने खोली रिकामी करायची तयारीही दाखवली होती. इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत बघू, नाहीतर पुढे ती तिकडेच शाळेत जाईल, असं आमचं ठरलं. मी मान डोलावली आणि उठून ताटं उचलली. मुलगी एका देशात आणि आपण एका देशात, हे ज्यांना जमतं त्यांना मी नावं ठेवत नाही. मला ते नको होतं. सईला काय हवं ते तिने सांगितलं नाही. तिने फक्त विचारलं, "मग माझी सायकल कुणाला देणार?"

म्हणून मी ज्युडो शोधला. माझा हिशेब सरळ होता. पोरीने एकदा कुणाच्या तरी दोन लगावल्या की विषय संपेल.

आणि बाई शिकवत होत्या पडायला. मागे पडा, बाजूला पडा, पुढे कोलांटी घेऊन पडा. दर मंगळवारी क्लास सुरू होण्यापूर्वी त्या आधी स्वतः पडायच्या. चटया अंथरल्या की मधोमध उभ्या राहायच्या, हनुवटी छातीला लावायच्या आणि धाडकन मागे. त्या आवाजाने हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघरातली चहाची पिंपं थरथरायची. उठून म्हणायच्या, "ठीक आहे. या."

महिने गेले तरी पडणंच चाललेलं. मी शेवटी विचारलं, "बाई, हिला मारायला कधी शिकवणार?"

"ज्युडोत मारत नाहीत गं. तुला मारायचंय का? पुढच्या चौकात किकबॉक्सिंग आहे. तिथे पार्किंगही सोपं आहे, तुला जमेल."

पडण्याच्या बरोबरीने त्या एकच गोष्ट शिकवायच्या आणि तिच्याबाबत त्यांना विनोद चालत नसे. ज्युडोत समोरच्याने तुम्हाला खाली दाबून धरलं आणि सहन होईना, तर हाताने दोनदा थोपटायचं. चटईवर थोपटा, त्याच्या पाठीवर थोपटा, कुठेही. थोपटलं की समोरच्याने सोडायचं. त्याच क्षणी. "का थोपटलं हे विचारायचं नाही," बाई सांगायच्या. "खरंच दुखलं का, एवढ्यात दमलात का, नाही. आधी सोडायचं. विचारायचं ते नंतर." नवीन मुलांना त्या पहिल्या दिवशी रांगेत बसवून नुसतं थोपटायला लावायच्या, मोठ्याने, हॉल दणाणेपर्यंत. "लाजू नका. ऐकू आलं पाहिजे."

त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी एक दांडगा पोरगा होता, स्पर्धेला जायचा होता. एकदा त्याच्याखालच्या मुलाने थोपटलं आणि याने हसत हसत आणखी जरासं दाबलं, मग सोडलं. बाईंनी त्याला स्पर्धेतून काढलं. त्याचे वडील आले, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. बाई म्हणाल्या, "पोर चांगलं आहे. धरता उत्तम येतं. सोडता येत नाही. मी गाडीला ब्रेक नसताना कुणाला रस्त्यावर पाठवलं नाही, आता का पाठवू?" तो पोरगा पुढे वर्षभर फक्त लहान मुलांच्या खाली पडत राहिला आणि ती कधी थोपटतात याकडे लक्ष देत राहिला. बाईंचा तो उपाय होता.

सईचं नेमकं उलटं होतं. ती थोपटायचीच नाही.

एका मंगळवारी एका तिच्याच वयाच्या पोलिश मुलीने तिला दाबून धरलं होतं. सई खाली लाल झालेली, डोळ्यांत पाणी, पाय थांबलेले, पण हात मूठ मिटून बाजूला. ती पोलिश मुलगीच घाबरून बाईंकडे बघायला लागली. बाईंनी टाळी वाजवून दोघींना उठवलं. सईला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. मी भिंतीशी बसून फोनवर ऑफिसचं काहीतरी बघत होते.

"तुम्ही या."

"मी? मी तर पडून दाखवलंय मागेच."

"पडून दाखवलंत. या. डब्यात टाका सगळं."

मी चटईवर आडवी झाले आणि बाई माझ्या छातीवर आडव्या झाल्या. त्यांचं वजन काही फार नव्हतं, पण ते कुठे ठेवायचं हे त्यांना माहीत होतं. एक हात माझ्या मानेखाली, एक कमरेशी. विक्सचा आणि आल्याच्या चहाचा वास. वर छताला लहान मुलांच्या ग्रुपने टांगलेली कागदी फुलपाखरं. मी ढकललं. पाय मारले. वळायला गेले तर बाई माझ्याबरोबर वळल्या. श्वास अर्धाच आत जात होता.

"थोपटा," त्या कानाशी म्हणाल्या.

मी मान हलवली.

"काही घाई नाही. हॉल सातपर्यंत आपलाच आहे."

मी पुन्हा जोर केला. मुलं भोवती मांडी घालून बसलेली, अगदी शांत. मला वाटत होतं, ही म्हातारी दमेल. दमली नाही.

"तुम्ही कधी थोपटलेलं तिने पाहिलंय का?" बाई हळू आवाजात म्हणाल्या, मराठीत, बाकी कुणाला कळू नये म्हणून. "घरी. एकदा तरी?"

मी मान वळवून सईकडे पाहिलं. ती चटईच्या काठाला बसली होती. माझ्याकडे बघत होती, आणि तिचा हात चटईवर पालथा होता, बोटं जरा उचललेली, जणू माझ्या वतीने तीच थोपटणार होती. स्वतःसाठी न उचललेला हात.

मी थोपटलं. दोनदा.

त्याच क्षणी माझ्यावरचं वजन गेलं. बाई उठून उभ्या राहिल्या, सदरा नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उशीर केला. एक मायनर. पास."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी निघालो तेव्हा बाहेर झिमझिम होती, रिंग रोडवर गर्दी, आणि मला कुणावर तरी तो राग काढायचा होता. समोर विषय आयताच होता. पीईचा टी-शर्ट त्या आठवड्यात पुन्हा हरवला होता.

"मी उद्या शाळेत येते," मी सुरू केलं. "आज मला नाव पाहिजे. नाव सांग. कोण आहे? मुलगा की मुलगी? तुझ्या वर्गातलं? सई, मी तुझ्याशी बोलतेय. नाव सांगायला काय जातं तुझं? तुला पुण्याला जायचंय का? मग बोल तरी तसं—"

सई शेजारच्या सीटवर होती. तिने हात पुढे केला आणि समोरच्या कप्प्यावर दोनदा थोपटलं.

मी गप्प झाले. वाक्य अर्धवट राहिलं आणि ते अर्धवटच ठेवलं. का विचारलं नाही. वळायचा होता तो फाटा चुकला, तरी बोलले नाही. कॉव्हेंट्रीचा रिंग रोड गोल आहे, चुकलं तर आख्खी फेरी मारून परत तिथेच यायचं. आम्ही फेरी मारली. वायपर चालू होते.

मग ती म्हणाली, "आई, तूच तिला सांगितलं होतंस."

"कुणाला?"

"मंडळात. दिवाळीला. तू म्हणालीस ना तिला, हिला जरा सांभाळून घे गं."

मग मला कळलं. आम्ही नवीन आलो तेव्हा एका डेंटिस्ट काकूंनी आम्हाला खूप मदत केली होती. घर बघून दिलं, मंडळात ओळखी करून दिल्या. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, सईच्याच शाळेत एक वर्ष पुढे. दिवाळीच्या कार्यक्रमात मी स्वतः सईचा हात तिच्या हातात दिला होता. वर चकल्यांचा डबा दिला होता. आपली मराठी मुलगी, आपल्या मुलीला बघेल. आपल्याकडच्या कुठल्याही आईने हेच केलं असतं.

"ती मला फ्रेशी म्हणते," सई म्हणाली. "म्हणजे इंडियातून फ्रेश आलेली. आधी फक्त ती म्हणायची, आता सगळ्या म्हणतात. मी कशी बोलते ते रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात. चकल्या तिने बसमध्ये सगळ्यांना वाटल्या, आणि म्हणाली, स्मेल करा, हा फ्रेशी वास. टी-शर्ट शॉवरमध्ये टाकतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दर रविवारी मंडळात काकूंना म्हणायचीस, तुमच्या मुलीचा केवढा आधार आहे. मी तिथेच उभी असायचे ना."

मी दुसऱ्यांदाही फाटा चुकवला.

मला त्याच संध्याकाळी काकूंच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं. बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. पण आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण. तू थेट वळायला निघालीस. पहिल्यांदा शाळा. आणि तिथे तू कमी बोल, तिला बोलू दे."

शाळेत सई बोलली. मी शेजारी बसले होते, जीभ दातांखाली धरून. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि हेड ऑफ इयर, म्हणजे त्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षिकेकडे बघून तिने एकेक गोष्ट इंग्लिशमध्ये सांगितली, त्याच उच्चारांत ज्यांची टिंगल चालली होती. शेवटी म्हणाली, "मला हे थांबायला हवंय." शिक्षिकेने ते लिहून घेतलं. आता नेमकं काय घडलं ते त्यांना कळलं होतं.

एका दिवसात काही संपलं नाही. ग्रुप बंद झाला, दुसरा निघाला, तोही सापडला. बसमध्ये काही दिवस एक शिक्षिका बसायला लागली. काकूंना शाळेने बोलावलं. सकाळची पोटदुखी एकदम गेली नाही, पण आधी सोमवारवर आली आणि मग कधीतरी आम्ही ती मोजायचं विसरलो. जुलै आला. नवऱ्याने तिकिटांचा विषय काढला नाही. त्याच्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्याने फोन सईकडे दिला, आणि ती म्हणाली, "आत्या, मी सुट्टीत येते ना. राहायला नाही, सुट्टीला."

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा विचार मला त्या काळात फार येई. माझी समजूत अशी की त्यांच्याकडून मी न मोडणं शिकले. पण हमाल पोतं एकटा उचलत नाही. ते पाठीवर चढवायला दोघं लागतात. यार्डात गेलं की दिवसभर सगळीकडून तीच हाक, "हात लाव रे." अण्णाही द्यायचे, मोठ्याने, काही न वाटता. मी डबा घेऊन जायची, उभी राहून ऐकायची. ऐकलं होतं, पण घेतलं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच निकाल दिला नाही.

त्या डेंटिस्ट काकू एकदा क्लासला आल्या. मुलीला घेऊन. त्यांना शाळेतल्या कुणीतरी सुचवलं असेल किंवा मंडळात कानावर गेलं असेल. चांगला लोकरीचा कोट, हातात गाडीची चावी. माझ्याकडे बघून त्या ओशाळल्यासारखं हसल्या. मी हसले नाही. बाईंनी त्यांना नियम सांगितला.

"मी?" काकू म्हणाल्या. "अहो, माझी कंबर... आणि हे काय, शिकायचंय तिला."

"कंबर सांभाळून पाडते मी."

"नको, नको. तुम्ही तिला घ्या ना फक्त."

"नाही जमणार," बाई म्हणाल्या. एवढंच.

काकूंनी मुलीला चल म्हटलं. मुलगी दाराशी होती. तेव्हा मी पाहिलं की तिने बूट काढलेले होते, आणि कानातले काढून आधीच डब्यात टाकले होते. ती वाकली, त्या ढिगातून आपले दोन खडे शोधत बसली. सगळे बघत होते. वेळ लागला. ती गेल्यावर बाई चटईच्या मधोमध उभ्या राहिल्या, पण धाडकन पडल्या नाहीत.

"मी चुकले का?" त्यांनी मला विचारलं. चटईवर असून, जिथे निकाल त्याच द्यायच्या.

मला तेव्हा उत्तर द्यायचं नव्हतं. आजही ठाम सांगता येत नाही. सई आणि ती मुलगी मैत्रिणी झाल्या नाहीत, व्हायचं काही कारणही नव्हतं. पण बसमध्ये आता एकमेकींना रस्ता देतात, असं सई म्हणते.

सई आता सोळाची आहे. चटया अंथरणं, लहानांना थोपटायला शिकवणं, हे तिच्याकडे आलंय. बाईंची बॅग मात्र बाई कुणाला उचलू देत नव्हत्या. त्यांचा मुलगा ग्लासगोला, डॉक्टर, दर रविवारी फोन करून "इकडे ये" म्हणणारा. बाई त्याला सांगायच्या, "तुझ्याकडे चढ फार आहेत."

गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी आम्ही पोचलो तर लाल गाडी हॉलसमोर तिरकी उभी होती. पुढचं चाक फुटपाथवर चढलेलं. मी आणि सईने एकमेकींकडे पाहिलं. मुलांचे आईबाप येत होते, ती गाडी बघत होते आणि काही न बोलता आत जात होते. ज्यांना बाईंनी कधीकाळी नापास केलं होतं तेही.

क्लास नेहमीसारखा झाला. बाई पडल्या, उठल्या, "ठीक आहे, या" म्हणाल्या. संपल्यावर सगळे गेले. आम्ही गाडीत बसलो, आणि बाई आपल्या गाडीपाशी चावी हातात घेऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं नाही. मग वळल्या, आमच्या गाडीकडे आल्या. सई उतरली आणि मागे जाऊन बसली. बाई पुढे, डावीकडच्या सीटवर बसल्या. पट्टा लावला. बॅग मांडीवर घेतली.

पूर्वी टेस्टमध्ये परीक्षक अचानक डॅशबोर्डवर हात आपटायचा आणि उमेदवाराने गाडी जागच्या जागी थांबवायची, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. पण गाडी तर थांबलेलीच होती, इंजिनही चालू नव्हतं. बाईंनी हात पुढे केला, आणि डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं.

मी काही विचारलं नाही. सईनेही नाही. तिने मागून हात पुढे केला. "बाई, बॅग द्या. चावीपण."

बाईंनी बॅग दिली. चावी जरा वेळ मुठीत ठेवली, मग दिली.

"येताना एक माणूस दिसला नाही," त्या समोर बघत म्हणाल्या. "तो बाजूला झाला म्हणून वाचला. मी नाही झाले. डावा डोळा गेलाच होता, आता उजवाही चाललाय. उद्या लायसन्स परत पाठवते." मग निकाल दिला, "सीरियस. नापास."

"मंगळवारी साडेपाचला आम्ही येऊ घ्यायला," सई म्हणाली. "डॉक्टरकडे पण जाऊ. आईला सुट्टी मिळते."

"ग्लासगोला एवढ्यात सांगू नका."

"ते तुम्ही सांगा. आम्ही नाही सांगणार."

बाई हसल्या असाव्यात, अंधारात नीट दिसलं नाही. मी इंजिन चालू केलं.

"आरसा," बाई म्हणाल्या.

मी आरशात पाहिलं. मागे सई बसली होती, बाईंची बॅग शेजारी, मांडीवर बॅगेतून काढलेला तो आइस्क्रीमचा डबा. तिने झाकण उघडलं, लाल गाडीची चावी आत टाकली आणि झाकण लावून त्यावर हात ठेवला.

"बघितला," मी म्हटलं.

"मग निघा."